दुर्गाबाई देशमुख : इतरांसाठी वाट करून देणारी बाई

हैदराबाद शहराशी आपल्या मराठी माणसांचे नाते जुने आहे. १९५६ साली भाषावार राज्ये होईपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते, आणि १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ निघेपर्यंत तिकडच्या पुष्कळ तरुणांना पदवीसाठी हैदराबादचीच वाट धरावी लागे. त्या शहरातील विद्यानगर भागात एक मोठे इस्पितळ आहे. त्यावर दुर्गाबाई देशमुख हे नाव आहे. जवळच उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात मुलींचे एक महाविद्यालय आहे. तेही दुर्गाबाईंच्याच संस्थेने, म्हणजे आंध्र महिला सभेने, १९६८ साली काढले. नाव वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटते की, या बाई महाराष्ट्रातल्याच असाव्यात. तसे नाही. त्या तेलुगू घराण्यातल्या होत्या. देशमुख हे नाव त्यांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळाले. ते कसे, हे पुढे येईलच.

या महिन्यात आम्ही दुर्गाबाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहो, याला कारण आहे. मुलींनी शिकावे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या आज मुली आहेत. असे असूनही विद्यापीठाच्या कुलगुरूंची यादी काढली, मोठ्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांची नावे पाहिली, तर त्यांत स्त्रिया थोड्याच आढळतात. वर्गात निम्म्या असलेल्या मुली वरच्या खुर्चीपर्यंत जाताना कोठे गळतात? त्या खुर्चीच्या दाराशी तर त्यांना कोणी अडवलेले दिसत नाही. दुर्गाबाईंचे आयुष्य पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे सापडते.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी गोदावरीच्या काठी राजमहेंद्री येथे झाला. आपल्या नाशकाला उगम पावणारी हीच ती गोदावरी, समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे रुंद होते त्या तीरावरचे हे गाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. लग्न म्हणजे काय हे कळण्याचे ते वय नव्हते. मोठ्या झाल्यावर त्यांनी आपल्या पतीला स्पष्ट सांगितले की, हा संसार आपल्या हातून होणार नाही, आपण दुसरे लग्न करावे. मनात कडवटपणा न ठेवता त्या वेगळ्या झाल्या, आणि पुढे ते गृहस्थ वारल्यावर त्यांच्या विधवा पत्नीला दुर्गाबाईंनीच आधार दिला.

शाळेत इंग्रजी माध्यम आले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलीने निषेध म्हणून शाळा सोडली. ती घरी बसली नाही. स्वतः हिंदी शिकली आणि गावातल्या मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली. आपल्या रविवारच्या शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुली बालवर्ग सांभाळताना आम्ही पाहतो, तेव्हा या पाठशाळेची आठवण होते. वय लहान म्हणून काम लहान असावे असे नाही.

१९२३ साली काकिनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथील खादी प्रदर्शनाच्या दाराशी दुर्गाबाई स्वयंसेविका म्हणून उभ्या होत्या. तिकिटावाचून कोणाला आत सोडायचे नाही, असे त्यांना सांगितलेले होते. जवाहरलाल नेहरू आले. त्यांच्याजवळ तिकीट नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीने त्यांना अडवले, आणि व्यवस्थापकांनी तिकीट आणून दिल्यावरच आत सोडले. नेहरूंना या गोष्टीचा राग न येता कौतुक वाटले. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. परंतु दुर्गाबाईंचा स्वभाव त्यात पुरता दिसतो. नियम असेल तर तो सर्वांना सारखा, अशी त्यांची धारणा होती. आपल्याला अडवणारे पुष्कळसे नियम सर्वांना सारखे नाहीत, हे पुढे त्यांच्या ध्यानात यायचे होते.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला, आणि पुढल्या तीन वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. मदुरेच्या तुरुंगात त्यांना एकांतकोठडीत ठेवण्यात आले. तुरुंगात त्यांची गाठ इतर कैदी स्त्रियांशी पडली. आपल्यावर कोणता आरोप आहे, आपण काय कबूल केले, हेही त्यांतील कित्येकींना ठाऊक नव्हते. लिहितावाचता येत नाही, कायदा माहीत नाही, बाजू मांडणारे कोणी नाही. आपण कायदा शिकायचा आणि अशा बायकांच्या बाजूने उभे राहायचे, असे दुर्गाबाईंनी तेथे ठरवले.

ठरवणे सोपे होते. कायद्यासाठी पदवी हवी, पदवीसाठी मॅट्रिक हवे, आणि दुर्गाबाईंनी तर शाळा बाराव्या वर्षीच सोडलेली. पंचविशीच्या सुमारास, ज्या इंग्रजीपायी शाळा सोडली तीच भाषा त्या मुळाक्षरांपासून शिकल्या, आणि बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिली. त्यानंतर तेथेच इंटर झाल्या. पुढे राज्यशास्त्र घ्यावे, असा त्यांचा विचार होता. तेथे पहिली अडचण आली. तो विषय मुलांसाठी आहे, मुलींना तो घेता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. तुरुंगात राहून आलेल्या, सभा गाजवलेल्या बाईला राज्यशास्त्र झेपणार नाही असे कोणाला वाटले असेल काय? वाटले नसावे. परंतु मुलींना काय शोभते याची एक यादी तयार होती, आणि त्या यादीत हा विषय नव्हता.

त्या वाल्टेअरला आंध्र विद्यापीठात गेल्या. तेथे विषयाची अडचण नव्हती, जागेची होती. मुलींसाठी वसतिगृह नाही, मग प्रवेश कसा द्यावा, असे कुलगुरूंचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वसतिगृह नव्हते कारण मुली नव्हत्या, आणि मुली नव्हत्या कारण वसतिगृह नव्हते. दुसरे कोणी असते तर येथून परत फिरले असते. दुर्गाबाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. विद्यापीठात शिकायची इच्छा आहे, परंतु राहण्याची सोय नाही म्हणून जे थांबले आहे, अशा मुलींनी कळवावे, एवढाच तिचा आशय. उत्तरे आली. त्या मुलींना एकत्र करून दुर्गाबाईंनी स्वतःच वसतिगृह सुरू केले, आणि मग प्रवेश नाकारण्याला कारण उरले नाही.

या प्रसंगापाशी आम्ही थोडे थांबतो. दुर्गाबाईंनी आपल्यापुरती एक खोली मिळवली असती, कोणा ओळखीच्या घरी राहिल्या असत्या, तर त्यांचे काम भागले असते. त्यांनी जाहिरात दिली, त्यामुळे ज्यांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती अशा मुलींचे काम त्यांच्याबरोबर झाले. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी जे केले ते याच रीतीने. अडलेल्या जागी त्या एकट्या पुढे गेल्या नाहीत. मागून येणाऱ्यांसाठी ती जागा मोकळी करून मग पुढे गेल्या.

१९३७ साली मद्रासला त्यांनी आंध्र महिला सभा स्थापन केली. विधवा, टाकलेल्या, लहानपणी लग्न होऊन शाळा सुटलेल्या अशा बायकांना बनारसच्या मॅट्रिकला बसवण्याचे वर्ग तेथे चालत. स्वतः ज्या वाटेने आल्या तीच वाट त्यांनी इतरांना दाखवली. १९४२ साली त्या मद्रास विद्यापीठाच्या कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि तेथील उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय तेहतीस होते.

१९४६ साली त्या घटना समितीवर निवडून आल्या. २९९ सभासदांच्या त्या सभेत स्त्रिया होत्या अवघ्या पंधरा, आणि सभेचे कामकाज चालवण्यासाठी नेमलेल्या तात्पुरत्या अध्यक्षांच्या मंडळावर दुर्गाबाई एकट्याच स्त्री. राज्यसभेच्या सभासदाचे वय निदान ३५ असावे असे घाटत होते. दुर्गाबाईंनी ते ३० करावे अशी सूचना मांडली आणि ती मान्य झाली. तरुणांना केवळ वयामुळे बाहेर का ठेवावे, हा त्यांचा मुद्दा होता.

त्याच सुमारास देशातील विद्यापीठांचा विचार करण्यासाठी डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. १९४८-४९ मधला हा आयोग. त्याचे सभासद मोठे विद्वान होते. इंग्लंड-अमेरिकेहूनही तज्ज्ञ बोलावले होते. दहा जणांत स्त्री मात्र एकही नव्हती. आयोगाने स्त्रियांच्या शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यांच्या शिक्षणाबद्दल कळकळही दाखवली. तथापि स्त्री-पुरुषांचे शिक्षण सर्वस्वी एकच असू नये असेही सांगितले, आणि गृहशास्त्र, परिचर्या, अध्यापन यांकडे मुलींचे लक्ष वेधले. यात कोणाचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा त्यांच्यातले कोणी मेजाशी बसलेले नसले म्हणजे काय होते, हे येथे दिसते. बनारसच्या विद्यापीठातली ती यादी या कागदांतूनही थोडी डोकावते. त्याच काळात, १९४९ साली, हंसाबेन मेहता बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुले-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या आपल्या देशातील त्या पहिल्या स्त्री कुलगुरू. म्हणजे योग्य स्त्रिया नव्हत्या, असेही म्हणता येत नाही.

१९५२ ची निवडणूक दुर्गाबाई हरल्या. नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगावर घेतले. तेथे त्यांची ओळख अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी वाढली. चिंतामणराव आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील नाते गावचे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची पहिली पत्नी वारलेली होती. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचा विवाह नोंदणी पद्धतीने झाला, आणि साक्षीदारांत काकिनाड्याच्या दाराशी अडवले गेलेले जवाहरलाल नेहरू होते. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

१९५३ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या मंडळातर्फे १९५८ साली त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. शाळा अर्धवट सुटलेल्या तरुण स्त्रियांना दोन वर्षांत परीक्षेला बसता यावे, अशी ती योजना. त्यातून खेड्यापाड्यांना शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका मिळू लागल्या. राजमहेंद्रीत शाळा सोडलेली मुलगी आता साऱ्या देशातल्या शाळा सुटलेल्या मुलींना परत बोलावत होती.

याच वेळी त्यांच्या हातून आणखी एक मोठे काम झाले. जुलै १९५७ मध्ये नियोजन आयोगाच्या शिक्षणविषयक मंडळाची बैठक आपल्या पुण्यात भरली होती. स्त्रियांच्या शिक्षणाची पाहणी करण्यासाठी समिती नेमावी, असे त्या बैठकीत ठरले. पुढल्या वर्षी राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समिती नेमली गेली, आणि अध्यक्षपद दुर्गाबाईंना मिळाले. स्थिती काय होती? १९५१ च्या शिरगणतीत शंभर स्त्रियांपैकी नऊ स्त्रियाही साक्षर नव्हत्या. महाविद्यालयांत शंभर मुलांमागे मुली होत्या चौदा. समितीने आपला अहवाल १९५९ च्या आरंभी दिला.

त्या अहवालात मोठमोठी तत्त्वे सांगण्यापेक्षा अडचणी शोधण्यावर भर आहे. शिक्षिकांना खेड्यात राहायला घर नाही, म्हणून त्या जात नाहीत. तर घरे बांधा. जेथे मुलामुलींची एकच शाळा आहे आणि शिक्षिका नाही, तेथे मुलींची काळजी घेणारी एखादी प्रौढ बाई नेमा. मुलींसाठी वसतिगृहे काढा. स्त्रियांच्या शिक्षणासाठी पैसा वेगळा काढून ठेवा, म्हणजे तो दुसरीकडे वळणार नाही. आणि प्रत्येक राज्याच्या शिक्षण खात्यात सहसंचालकाच्या दर्जाची एक स्त्री अधिकारी असावी, जिच्याकडे हे काम राहील. ही शेवटची सूचना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मुलींना शिकवा एवढेच समितीने सांगितले नाही. शिक्षण चालवण्याचा अधिकारही स्त्रीच्या हाती द्या, असे सांगितले. त्याच वर्षी राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषद स्थापन झाली आणि तिच्याही पहिल्या अध्यक्ष दुर्गाबाईच झाल्या. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने सर्व शिक्षणाचा विचार केला, तेव्हा दुर्गाबाईंच्या समितीच्या शिफारशी त्याने उचलून धरल्या. घर सांभाळून काम करणाऱ्या स्त्रियांना अर्धवेळ नोकऱ्या मिळाव्यात, असेही त्याने सुचवले. त्या आयोगावर एक स्त्री होती, कुमारी पाणंदीकर. सोळा वर्षांपूर्वी एकही नव्हती, आता सतरा जणांत एक झाली.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. राजीनाम्यानंतर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि १९६२ पासून १९६७ पर्यंत दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची योग्यता निर्विवाद होती. दुर्गाबाईंच्या नावापुढे मात्र कुलगुरू ही पदवी कधी लागली नाही. त्यांना ती हवी होती असे म्हणायला आधार नाही. पण एवढे खरे की, त्यांनी ज्या संस्था चालवल्या त्यांतील बहुतेक त्यांना आधी स्वतः उभ्या कराव्या लागल्या किंवा त्यांच्यासाठी नव्याने निर्माण झाल्या. वसतिगृह, महिला सभा, समाजकल्याण मंडळ, स्त्रीशिक्षण परिषद, सारे नवे. पूर्वीपासून चालत आलेल्या संस्थेत पायरी पायरी चढून वर जाणे स्त्रीला अवघड होते. त्यापेक्षा नवी संस्था काढणे सोपे पडे. त्या पिढीतील कित्येक कर्तबगार स्त्रियांची हीच कहाणी आहे.

चिंतामणरावांचे दिल्लीतले काम संपल्यावर दोघे हैदराबादला आले. आंध्र महिला सभेचे काम तेथे आता मोठे झाले होते. इस्पितळ, महाविद्यालये, शिक्षिकांचे प्रशिक्षण, साक्षरतेचे वर्ग, अशा सर्व कामांत दुर्गाबाई शेवटपर्यंत लक्ष घालत. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. ९ मे १९८१ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी २ ऑक्टोबरला चिंतामणरावही हैदराबादेतच वारले. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण आवाराजवळ आज मेट्रो रेल्वेचे एक स्थानक आहे. त्यास दुर्गाबाई देशमुख यांचे नाव आहे. पाठीवर पिशव्या घेतलेल्या शेकडो मुली रोज तेथे उतरतात.

अशी चरित्रे सांगितली म्हणजे शेवटी मुलींना उपदेश करण्याचा मोह होतो की, तुम्हीही दुर्गाबाईंसारख्या व्हा. आम्ही या वेळी तसे म्हणणार नाही. दुर्गाबाईंची हिंमत शंभरात एकीला लाभते. उरलेल्या नव्याण्णव जणींनी वसतिगृह नाही म्हणून परत जावे काय? खुद्द दुर्गाबाईंना तसे वाटत नव्हते. असामान्य बाईलाच वर जाता यावे, ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती, म्हणून साधारण मुलीलाही जाता येईल अशी वाट त्यांनी करून दिली. तेव्हा दुर्गाबाईंसारखे व्हायचे ते मुलींनी नव्हे, आपण वडीलधाऱ्यांनी.

वर जाण्याची वाट वरच्या टोकाला अडत नाही. ती खाली, लहान लहान जागी अडते. गावात पुढचा वर्ग नाही आणि शहरात राहण्याची सोय नाही. हा विषय मुलींचा नव्हे असे कोणी सहज बोलून जाते. बाळंतपणात नोकरीची चार वर्षे जातात आणि पुढे बढतीच्या वेळी तीच मोजली जातात. बदली झाली तर घर कोणी सांभाळायचे, हा प्रश्न एकट्या बाईलाच विचारला जातो. आणि ज्या समितीत नेमणुका ठरतात तेथे बाई नसते, म्हणून तिचे नाव कोणाला सुचत नाही. यांतील प्रत्येक अडचण लहान आहे. लहान आहे म्हणूनच ती आपल्यासारख्यांना दूर करता येते.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना आमची एक सूचना आहे. आपल्या वर्गातून मॅट्रिकपर्यंत गेलेल्या आणि पुढे थांबलेल्या मुलींची नावे या महिन्यात आठवून पाहावीत. प्रत्येकीच्या घरी एकदा जाऊन, ती कोठे अडली एवढेच विचारावे. कोठे फी असेल, कोठे राहण्याची सोय, कोठे म्हातारी आजी, कोठे नुसता वडिलांचा संकोच. आपल्या मंडळीच्या पंचमंडळात आणि शाळा चालवणाऱ्या समित्यांत स्त्रिया किती आहेत, हेही त्याच वेळी मोजून पाहावे. यादी हाती आली म्हणजे पुढे काय करायचे ते आपोआप दिसू लागेल. वाल्टेअरच्या त्या वसतिगृहाची सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका लहानशा जाहिरातीने झाली होती.